हॅगर्टीच्या डावीकडे कोण

९ जानेवारी १९९५

रसेल,

आशीर्वाद, खुशाली वगैरे काही लिहीत नाही. तुझा कोट मी पायऱ्यांवर भिरकावला त्या दिवशीच ते सगळं संपलं, आणि पुन्हा वेळ आली तर तो कोट मी आजही तसाच भिरकावीन. माझी पोरगी पॉलेट आत रडत होती, मग मी काय तुझी बाजू घेणार होते? तुम्ही दोघंही गाढवासारखे वागलात, पण त्यातलं एक गाढव माझं होतं. असो. चार वर्षं झाली तुमच्या घटस्फोटाला. तू तिकडे ऑरेगॉनमध्ये लाकडं कापतोस, पॉलेट इकडे दवाखान्यात लोकांना सुया टोचते, दोघंही जिवंत आहात. मी कामाचं आहे म्हणून लिहितेय.

जाताना तू कार्डांचा डबा माझ्या फ्रिजवर विसरलास. फेकणार होते. डबा चांगला होता म्हणून फेकला नाही. गेल्या हिवाळ्यात म्हटलं, यात बटणं ठेवावीत, म्हणून तुझी कार्डं टेबलावर ओतली. आणि मग बसलेच. बटणं अजून पिशवीत आहेत.

पॉलेट आली, म्हणाली, "मा, ही वाकडीतिकडी कार्डं घेऊन काय करतेस? एकही धड नाही."

मी तिला तू मला सांगितलं होतंस तसंच सांगितलं. चोपन्न साली वॉल्झाक वेफर्सच्या पाकिटात आपल्या ब्रेकर्स या बेसबॉल संघातल्या खेळाडूचं एकेक कार्ड यायचं. एका मोठ्या तावावर तीस जागा, पाच ओळी, ओळीत सहाजण. ताव छापायचा आणि मग कापायचा. कापणारा डुलकी घेत असला की कार्डाच्या कडेला शेजारच्या कार्डाची बारीक चिरी येते. नीट कापलेलं कार्ड मुकं. वाकडं कापलेलं सांगतं, माझ्या शेजारी कोण राहत होता. अशा चिऱ्या जुळवत गेलं की अख्खा ताव परत मांडता येतो.

"आणि मांडून काय होतं?" पॉलेटने विचारलं.

"तुझ्या टीव्हीवरच्या मालिका बघून काय होतं?" मी म्हटलं.

तर जागा तीस, आणि आजवर कुणाला मिळालेले खेळाडू एकोणतीस. तिसऱ्या ओळीत, हॅगर्टीच्या डावीकडची जागा रिकामी. तिथे कोण, यावर तुझं काय म्हणणं होतं ते मला माहीत आहे, आणि सगळ्या गावाला माहीत आहे. इमलिन प्रॉसर, तुझा बाप. अर्धा मोसम ब्रेकर्सचा पिचर म्हणून चेंडू फेकला आणि पुढची तीस वर्षं आगीच्या बंबखान्यातल्या बारमध्ये सांगत राहिला की माझंही कार्ड निघालं होतं. कार्ड कुणी कधी पाहिलं नाही. लोक त्याला वेफर्सवाला म्हणायला लागले. त्याच्या दफनाच्या दिवशी त्या ऑगी लिपिन्स्कीने शवपेटीत वेफर्सचं पाकीट ठेवलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले. तू हसला नव्हतास, आणि त्याच आठवड्यात तू हा डबा जमवायला घेतलास.

आता ऐक. जागा भरली. तिथे टेस्टा आहे.

हॅगर्टीच्या उजवीकडे टेस्टा, हे तुला माहीतच आहे, ते तूच लावलंस. पण आता हॅरोल्ड फेन्स्टरमाकरला दुसरा एक हॅगर्टी मिळालाय, पुढून नीट, पण पाठीवरचा छाप फार सरकलेला. (हॅरोल्ड म्हणजे आपला जुना पोस्टमन. निवृत्त झाला, बायको गेली, आता दर गुरुवारी भिंग घेऊन माझ्याकडे येऊन बसतो आणि माझा केक खातो.) त्या हॅगर्टीच्या पाठीवर डाव्या कडेला शेजारच्याच्या मजकुराची अक्षरं आलीत. मी टेस्टाच्या पाठीशी लावून पाहिली. तंतोतंत टेस्टा. म्हणजे टेस्टा उजवीकडेही आणि डावीकडेही. त्यांनी तीस जागा भरायला टेस्टा दोनदा छापला. तिसावा माणूस नव्हताच.

हॅरोल्ड हा ताव कार्डं जमवणाऱ्यांच्या बुलेटिनात छापायला देतोय, एप्रिलच्या अंकात. तुला ते तिथे वाचून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. वाईट वाटून घ्यायचं की नाही ते तुझं तू बघ. तुझा बाप मला आवडायचा. खोटं फार छान बोलायचा.

वांडा सोबचाक
(तुझ्या पोरीची, डॅनाची आजी. ते नातं कोर्टाने मोडलेलं नाही.)


२८ जानेवारी

रसेल,

तुझं पोस्टकार्ड आलं. पुढे दीपस्तंभ आणि मागे एवढंच: "मा, कार्ड उलटलं की डावं ते उजवं होतं. पाठीवरचा डावा शेजारी म्हणजे समोरून उजवा." ना कशी आहेस, ना सही. चार वर्षांनी माणूस तोंड उघडतो ते हे सांगायला.

मी उभ्याने वाचत होते, खाली बसले. हॅगर्टी हातात घेतला. समोरून धरला, उलटा केला, परत समोरून धरला. टेस्टा उजवीकडे. उलटून बघितलं तरी तो उजवीकडचाच. एकाच शेजाऱ्याला मी पुढच्या दाराने पाहिलं, मग मागच्या दाराने पाहिलं आणि दोन माणसं मोजली!

अरे, मी सहावीत शाळा सोडून ड्रेसच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसले ती पन्नाशीपर्यंत. कापडाची सुलटी बाजू, उलटी बाजू माझ्या बोटांना अंधारात कळते. दोन्ही बाह्या डाव्या शिवून ठेवणाऱ्या नव्या पोरींना मी काय काय बोलले आहे ते त्या अजून विसरल्या नसतील. आणि मीच दोन डाव्या बाह्या शिवल्या. त्यातली एकही पोर आता माझ्या घरी येत नाही हे देवाचे उपकार.

मी मुद्दाम केलं असं तुझ्या डोक्यात येईल. आलं असेल तर काढून टाक. मुद्दाम चुकायला फार हुशारी लागते.

गुरुवारी हॅरोल्डला सांगितलं. त्याने केकचा घास तोंडातच धरला.

"वांडाबाई, मी बुलेटिनला पाठवून दिलं."

"मग परत मागवा."

"संपादक काय म्हणेल?"

"तुम्ही पंचवीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं चुकीच्या घरात टाकलीत, तेव्हा कोण काय म्हणालं? चुकीच्या पत्त्यावर गेलंय म्हणा."

हॅरोल्डचा चेहरा पडला, पण त्याने फोन केला. माझ्याइतकाच तोही हॅगर्टी उलटसुलट करत बसला होता आणि त्यालाही दिसलं नव्हतं, म्हणून त्याला फार ऐकवू शकले नाही. जरा ऐकवलं.

तुझं पोस्टकार्ड मी ओट्यावर ठेवलं होतं. पॉलेट किराणा घेऊन आली, तिने ते उचललं.

"मा. हे कुणाचं?"

"वाचलंस ना? मग विचारतेस कशाला?"

"तू त्याला पत्र लिहितेस?"

"कार्डांबद्दल."

तिने परत वाचलं. मग म्हणाली, "हा माणूस आपल्याला डावं-उजवं शिकवतोय! लग्नानंतर नायगराला निघालो होतो तेव्हा याने डावं सोडून उजवं वळण घेतलं आणि मी मधुचंद्राची पहिली सकाळ बफेलोच्या कचराडेपोपाशी काढली." आणि हसायला लागली. मग आपल्याला हसायचं नाही हे तिला आठवलं. दुधाची बाटली जोरात फ्रिजमध्ये ठेवून निघून गेली.

ती तुझ्यावर हसली म्हणून कळवलं. जास्त अर्थ काढू नकोस.

हॅगर्टीच्या डावीकडची जागा परत रिकामी आहे. एवढंच.

वांडा


१९ फेब्रुवारी

रसेल,

तू उत्तर दिलं नाहीस, पण बातमी आहे म्हणून लिहावंच लागतं.

हॅरोल्डने बुलेटिनवाल्यांना सगळीकडे विचारायला लावलं, की कुणाकडे डावीकडून वाकडा कापलेला हॅगर्टी आहे का. आपल्या डब्यातल्या हॅगर्टीच्या डाव्या कडेला केसाएवढी निळी रेघ आहे, तिने काही कळत नाही. टेस्टाची पार्श्वभूमीही निळीच. म्हणून तर माझी ती टेस्टाची चूक मला इतकी पटली होती. तर अल्टूनाहून एका निवृत्त शिक्षिकेने एक हॅगर्टी पाठवला. तो कापणाऱ्याने त्या दिवशी काय घेतलं होतं देव जाणे. हॅगर्टीचा अर्धा कान गेलाय, आणि डावीकडे शेजाऱ्याची बोटभर रुंद पट्टी आलीय.

त्या पट्टीत एक मूठ आहे. आणि मुठीत चेंडू.

हॅरोल्ड म्हणाला, "बरं, पिचर दिसतोय. संघात पिचर होते आठ."

एकदा तोंडावर आपटले होते ना, म्हणून घाई केली नाही. मी आत जाऊन एक बटाटा आणला.

"उभे राहा हॅरोल्ड. माझ्याकडे तोंड करा. हा उजव्या हातात धरा आणि फोटो काढताना धरतात तसा वर करा."

"वांडाबाई, मला गुडघा..."

"गुडघ्यात धरायला नाही सांगितलं."

त्याने धरला. बटाटा माझ्या डावीकडे आला. कार्डात मूठ शेजाऱ्याच्या उजव्या कडेला आहे. "आता डाव्या हातात." बटाटा माझ्या उजवीकडे आला. बाकी सगळ्या पिचरांची कार्डं काढून पाहिली. प्रत्येकाच्या उजव्या कडेला चामड्याचा हातमोजा. या एकाच्याच तिथे चेंडू.

"डावखुरा," हॅरोल्ड म्हणाला आणि बटाटा हातात घेऊन तसाच उभा राहिला. नंतर मी तोच उकडून त्याला खाऊ घातला.

आता तू तिकडे खुर्चीतून उठला असशील तर बस. हॅरोल्ड घरी जाऊन चोपन्नची जुनी वर्तमानपत्रं घेऊन आला. त्या वर्षी ब्रेकर्सकडे कार्ड नसलेले डावखुरे दोन. एक तुझा बाप. दुसरा कॉप्को, पहिल्या बेसवर राखणीला उभा राहायचा. तो पिचर नव्हता, पण फोटोत चेंडू धरायला पिचरच असावं लागतं असं नाही. हॅरोल्ड म्हणतो कॉप्कोच असणार, तो पूर्ण मोसम खेळला. तुझ्या बापाला जुलैमध्येच काढलं. अर्ध्या मोसमाच्या माणसाचं कार्ड कोण छापेल? याचं उत्तर तुला देता येतंय का बघ.

आणि आता माझं काम. डब्यात प्रत्येक खेळाडूचं निदान एक वाकडं कार्ड आहे. बुड्झिनचं नाही. बुड्झिन हा त्या रिकाम्या जागेच्या बरोब्बर खाली येतो, हे आपण दोघांनी याच टेबलावर लावलं होतं. आणि आपल्याकडे एक बुड्झिन होता, वरच्या कडेला जास्तीची पट्टी राहिलेला, हे मला पक्कं आठवतं. मी त्याच्यावर सूप सांडलं होतं आणि तू दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतास.

डबा विसरलास आणि तेवढा एक बुड्झिन घेऊन गेलास. म्हणजे तू काही विसरला वगैरे नव्हतास.

नाव कार्डाच्या तळाशी असतं, पिवळ्या पट्टीत. बुड्झिनच्या डोक्यावर वरच्या माणसाच्या नावातल्या अक्षरांचे पाय आले असतील. कॉप्को की प्रॉसर, एवढंच बघायचंय. त्यावर कधी भिंग धरलंस का? की तसाच खिशात घेऊन फिरतोस?

वांडा


११ मार्च

रसेल,

तीन आठवडे झाले.

लेंटचे उपवास चालू आहेत, चर्चच्या तळघरात आम्ही बायका शुक्रवारसाठी पिरोगीच्या करंज्या वळतोय. माझ्या शेजारी बसून ऑगी लिपिन्स्कीची बायको कडा दाबते. तिच्या निम्म्या पिरोगी पाण्यात उघडतात. तिने विचारलं, "तुझा तो जावई काय करतो हल्ली?" मी म्हटलं, "घाबरतो." तिला वाटलं मी चेष्टा केली.

बुलेटिनवाले महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. नंतर हॅरोल्ड त्या जागी कॉप्कोचं नाव टाकणार. मला त्याला अडवायला हातात काही नाही. "जावयाच्या बापाने बारमध्ये सांगितलं होतं" हे छापत नाहीत.

कॉप्को निघाला तर तुझा बाप खोटं बोलला हे नक्की होईल, म्हणून तू ते कार्ड दाबून ठेवलंयस. मला कळतं. पण तू काहीच पाठवलं नाहीस तरी तेच छापून येणार. मग वाट कसली बघतोस?

तुझी पोरगी बरी आहे. डॅनाला परिचारिकेच्या शाळेत प्रवेश मिळाला. तिने तुला फोनवर सांगितलं असेलच.

वांडा


२५ मार्च

रसेल,

पाकीट बुधवारी आलं. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत बुड्झिन, सूपच्या डागासकट, आणि चिठ्ठी: "माझ्याने बघवत नाही. तुम्ही बघा."

गुरुवारी हॅरोल्ड यायचाच होता. पण पॉलेटही आली, दुपारची पाळी बदलून. म्हणे, सहज. ती चार वर्षांत एकदाही गुरुवारी सहज आलेली नाही. मी एक ताट वाढवलं.

हॅरोल्डने भिंग काढलं. पॉलेटने त्याच्या हातातून घेतलं.

"पॉलेट, त्याला सवय आहे," मी म्हटलं.

"मी दिवसभर लोकांच्या शिरा शोधते, मा. दे इकडे."

बुड्झिन खिडकीपाशी नेला. बाहेर बर्फ होता, उजेड भरपूर. कार्ड वरून तिरकं कापलंय हे तुला माहीतच आहे: डावीकडे पिवळ्या पट्टीचा मागमूस नाही आणि उजवीकडे थोडी जाडी. म्हणजे नावाची सुरुवात गेलेली, शेवट तेवढा उरलाय. अक्षरंही पूर्ण नाहीत, नुसते त्यांचे तळवे. आपल्याकडची सगळी नावं मोठ्या, कॅपिटल अक्षरांत आहेत, म्हणून तळवे पुरे होते. कॉप्को असेल तर शेवटच्या 'ओ'चं बूड गोल, त्याच्या आधी 'के'चे दोन पाय. प्रॉसर असेल तर शेवटी 'आर'चे दोन पाय. एका अक्षरात निकाल.

पॉलेट वाकली. आम्ही दोघं टेबलाशी बसून होतो. हॅरोल्डने केकला हात लावला नव्हता, यावरून काय ते समज.

"शेवटी काय आहे?" मी विचारलं.

"थांब ना."

"थांबतेय."

"गोल..." ती म्हणाली. हॅरोल्ड खाली बघायला लागला. खरं सांगते, मला त्या क्षणी तुझ्या बापाचा राग आला, की मेल्यावरसुद्धा हा माणूस आपल्याला तोंडघशी पाडतो.

"नाही, हा सूपचा डाग आहे," पॉलेट म्हणाली.

"अगं कार्टे!"

"डाग पिवळ्यावर चढलाय, मी काय करू? त्याच्या खाली... दोन पाय. शेवटी दोन पाय आहेत, मा. एक सरळ, एक तिरका. त्याच्या आधी सपाट बूड. त्याच्या आधी गोल. परत गोल. त्याच्या आधी परत गोल, अर्धंच."

हॅरोल्डने कागदावर मागून पुढे लिहून काढलं. दोन पाय, आर. सपाट, ई. गोल, गोल, एस आणि एस. अर्धं गोल, ओ. त्याने कागद फिरवून माझ्यासमोर धरला. मला वाचायची गरज नव्हती.

"कॉप्को यात बसत नाही," हॅरोल्ड म्हणाला.

"कॉप्को यात कोंबूनही बसत नाही," मी म्हटलं.

हॅरोल्डने तरी संघातली सगळी नावं एकेक करून लावून पाहिली, कारण तो पोस्टमन आहे, पत्ता दोनदा वाचल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तेवढ्या तळव्यांवर दुसरा कुणी उभा राहत नाही. डावखुरा, हातात चेंडू, आणि नाव प्रॉसर. अर्ध्या मोसमात काढून टाकलेल्या माणसाचं कार्ड का छापलं आणि छापून कुठे गेलं, ते आम्हाला कळलेलं नाही. बहुतेक जुलैत त्याला काढल्यावर वॉल्झाकवाल्यांनी त्याची कार्डं पाकिटात टाकलीच नसतील. ती गठ्ठ्याने भट्टीत गेली असतील. पण छापलं होतं. तावावर तुझ्या बापाची जागा होती, हॅगर्टी आणि बुड्झिन दोघंही तिची साक्ष देतात.

पॉलेटने भिंग खाली ठेवलं आणि डोळे पुसले. म्हणाली बर्फाच्या उजेडाने पाणी आलं. येतं तसं.

मग म्हणाली, "हे त्याच्या खिशात होतं? इतकी वर्षं? आणि त्याने बघितलं नाही?"

"नाही."

"मूर्ख," ती म्हणाली. पण कोर्टात म्हणाली होती तसं नव्हे.

रसेल, तुझा बाप खोटारडा होता. त्याने मला सांगितलं होतं की तो एका नौदलाच्या जहाजावर स्वयंपाकी होता, की त्याने अस्वलाला दगड मारून पळवलं, की त्याला मधुमेह नाही. सगळं खोटं. ही एक गोष्ट खरी होती, आणि नेमकी तीच कुणी धरली नाही.

बुड्झिन माझ्याकडे आहे. टपालाने परत पाठवणार नाही. टपालखात्यावर माझा विश्वास नाही, मी हॅरोल्डला ओळखते. हवा असेल तर येऊन घेऊन जा. पॉलेटला विचारलं, तो आला तर चालेल का. म्हणाली, यायचं तर मेच्या आधी, मेमध्ये तिने छपराचं काम काढलंय आणि घरात पाय ठेवायला जागा नसेल. मी फक्त तिचे शब्द लिहिले.

वांडा


१० एप्रिल

रसेल,

बुलेटिन आलं. मधल्या दोन पानांवर ताव. पाच ओळी, तीस जागा. एकोणतीस जागी फोटो, आणि तिसऱ्या ओळीत हॅगर्टीच्या डावीकडे रिकामा चौकोन, त्याच्या उजव्या कडेला ती मूठ, खाली त्या पायांची पट्टी, आणि नाव पूर्ण छापलेलं: इमलिन प्रॉसर, डावखुरा पिचर. हॅरोल्डला तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं होतं. मी म्हटलं, टाका, आणि मग दुसरीकडे केक खायला जा. प्रश्नचिन्ह नाही. खाली आभारात तुझं नाव आहे. माझं स्पेलिंग चुकलंय.

तुझं पत्र पोचलं. चार पानी! इतकं बोलणारा माणूस पोस्टकार्डावर काय करत होतास? त्यात तू विचारलंस की बंबखान्यात कुणाला सांगितलं का. शनिवारी सांगितलं. त्या बारमध्ये मी माझ्या नवऱ्याला घरी ओढून न्यायलाच काय ती जायची. तो गेल्यावर परवा पहिल्यांदा पाय ठेवला. ऑगी लिपिन्स्की आणि त्याची सगळी म्हातारी टोळी कोपऱ्यातल्या टेबलावर पत्ते कुटत होती.

"काय वांडा, चुकून आलीस?" ऑगी म्हणाला.

मी पत्त्यांवरच बुलेटिन उघडून ठेवलं. बोट ठेवलं. ऑगीने चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. बाकीचे वाकले. मी त्यांना बटाट्यापासून पायांपर्यंत सगळं सांगितलं, एकदा सांगितलं, मग बहिऱ्या मायरॉनसाठी परत ओरडून सांगितलं.

मला वाटलं आता कुणीतरी टोपी काढणार, कुणीतरी त्याच्या नावाने ग्लास उचलणार, आणि मी उठून घरी जाणार, कारण असलं काही मला बघवत नाही.

मायरॉन म्हणाला, "म्हणजे जूनमध्ये हेझल्टनविरुद्ध भलतीकडे चेंडू टाकून चार जणांना लागोपाठ फुकट बेसवर पाठवलं तो हाच ना?"

"चार नाही, पाच," दुसरा म्हणाला.

"पाच? त्याचा चेंडू वळायचा ते वळायच्या आधी दोन गल्ल्यांना कळायचं."

"वळायचा मात्र छान."

"वळून जायचा कुठे? प्रेक्षकांत!"

ऑगी लाल झाला होता. त्याने पत्ते खाली टाकले. "मी त्या सामन्याला होतो! माझा बाप मला घेऊन गेला होता! आपण दोन धावांनी पुढे होतो आणि ह्या प्रॉसरने सगळं घालवलं. सगळं! चाळीस वर्षं झाली, मी तो सामना विसरलेलो नाही."

"मग आजवर बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"कारण आजवर मी त्याला पिचर मानतच नव्हतो."

आणि मग सुरूच झाले. तासभर इमलिन प्रॉसरच्या फेकीला, त्याच्या पायांना, त्याच्या धावण्याला शिव्या देत होते, खऱ्या खेळाडूला देतात तशा. वेफर्सचं नाव कुणी काढलं नाही. मी उठले तेव्हा ऑगी माझ्यामागे दारापर्यंत आला.

"त्याचा पोरगा कुठे असतो?"

"ऑरेगॉनला."

"त्याला सांग, त्याच्या बापाने आमचा हेझल्टनचा सामना घालवला."

मी म्हटलं, "ते तूच सांग त्याच्या तोंडावर. येतोय तो महिनाअखेरीला."

तर आता तुला यावंच लागेल, मी सांगून बसलेय. आणि ऑगी हिशोब मागायला दारातच उभा असेल, तेव्हा त्या पाच जणांना फुकट बेस का दिला याचं काहीतरी उत्तर वाटेत तयार करून ये. तुझा बाप असता तर त्याने विमानात बसायच्या आधीच तीन उत्तरं रचली असती.

वांडा